दार आधी, चौकट नंतर : एका एम.जी. टी.डी.चं प्रकरण

पुण्यात, एरंडवण्यातल्या आमच्या सासुरवाडीच्या फाटकावर बरीच वर्षं एक पाटी होती : ‘आतील गाडी विकणे नाही. चौकशी करू नये.’ पाटी सासऱ्यांनी लावलेली. आतली गाडी म्हणजे १९५१ची एम.जी. टी.डी. ही इंग्लिश स्पोर्ट्स कार. दोन सीटची, उघडी, मागे उभी चपटी पेट्रोलची टाकी आणि टाकीच्या पाठीवर स्टेपनी. सासरे गेले, पाटी राहिली आणि गाडी धाकट्या मेहुण्याकडे आली. २०१४ साली त्याने ती घरच्या पोर्चमध्येच खोलायला घेतली. २०१९च्या गुढीपाडव्याला ती चकचकीत लाल रंगात बाहेर पडली आणि पहिल्याच फेरीत, पौड रोडवरच्या दुसऱ्या स्पीडब्रेकरला ड्रायव्हरच्या बाजूचं दार आपोआप उघडलं.

हे प्रकरण त्या दाराचं आहे. इंजिनाचं काम मेहुण्याने व्यवस्थित केलं होतं, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. दाराने मात्र पुढची चार वर्षं खाल्ली.

दार उघडलं यात एवढं काय, असं वाटेल. पण टी.डी.च्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात आणि कुलूप पुढे. नेहमीच्या गाडीचं दार चालताना सुटलं तर वारा ते परत आत ढकलतो. इथे वारा ते हिसकावून घेतो. मेहुणा तेव्हा ताशी पंचवीस-तीसच्या वेगात होता, कोपर दारावर टेकलेलं होतं, म्हणून त्याने ते धरलं. पलीकडून रिक्षा येत होती. घरी आल्यावर त्याने सासूबाईंना काही सांगितलं नाही. मला फोन करून म्हणाला, “भाऊजी, कुलूप बदलायला लागेल.”

लाकडावर ठोकलेला पत्रा

टी.डी. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावात १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत तयार झाली. एकूण २९,६६४ गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १२५० सी.सी.चं, दोन एस.यू. कार्ब्युरेटर, चोपन्न हॉर्सपॉवर. पुढची सस्पेन्शन स्प्रिंगांची आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र. ती मुळात अॅलेक इसिगोनिसच्या आखणीतली. याच गृहस्थांनी पुढे १९५९ची मिनी केली. स्टिअरिंग रॅक अँड पिनियन. म्हणजे खालून गाडी त्या काळाच्या मानाने बरीच पुढारलेली होती.

वरून मात्र ती बग्गीच होती. लोखंडी चासीवर लाकडाचा सांगाडा बोल्टांनी बसवलेला आणि त्या सांगाड्यावर पत्रा खिळ्यांनी ठोकलेला. लाकूड अॅशचं. क्रिकेटच्या स्टंप ज्या लाकडाच्या करतात तेच. चिवट असतं, धक्का पचवतं, पण पाण्याला फार टिकत नाही. दाराच्या बिजागऱ्या पत्र्याला नसतात, त्या या लाकडात स्क्रूने बसवलेल्या असतात.

हे मेहुण्याला माहीत होतं. त्याच्याकडे छापील मॅन्युअल होतं. पण माहीत असणं आणि हाताशी येणं यात अंतर असतं. बाहेरून वाजवलं तर पत्र्याचाच आवाज येतो आणि डेंटर-पेंटरलाही पत्राच दिसतो.

२०१४ ते २०१९ : जे बरोबर झालं आणि जे आधी झालं

इंजिन त्याने स्वतः उतरवलं. भोसरीला बोअर करून घेतलं, क्रँक ग्राइंड झाला, पिस्टन आणि गॅस्किटं इंग्लंडहून मागवली. या कामात एकच गोष्ट सांगण्यासारखी घडली. पुन्हा कोणाचं तेच होऊ नये म्हणून सांगतो.

या इंजिनाच्या बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची आहेत. त्यामुळे जुना इंग्लिश पान्हा बरोबर बसतो. आटे मात्र मेट्रिक. झालं असं की हे इंजिन कव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात बनायचं तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. १९२३ साली मॉरिसने तो विकत घेतला, आटे पाडण्याची यंत्रं तीच राहिली आणि डोकी इंग्लंडातल्या पान्ह्यांसाठी इंग्लिश केली. गॅरेजमधल्या मिस्त्रीने डोकं मोजलं, व्हिटवर्थचा बोल्ट आणला आणि जोर लावून बसवला. ब्लॉकमधले आटे गेले. मग मेहुण्याने नाना पेठेतून ८ मिलिमीटरचे बोल्ट आणले. ते दोन फेऱ्या आत जाऊन अडले, कारण बाजारात सहज मिळतो तो सव्वा मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आणि याला पाहिजे १ मिलिमीटरचा. शेवटी दोन भोकांना बुश घालून नवे आटे पाडले. डोकं बघून आटा ओळखायला जाऊ नये. पिचगेज दोनशे रुपयांत मिळतो.

बाकी इंजिन झकास झालं. प्रॉब्लेम क्रमाचा होता. इंजिन झालं म्हटल्यावर उत्साह आला, त्या भरात बॉडी पेंटरकडे गेली. तिथे उजव्या मागच्या कोपऱ्यात पत्रा जरा फुगलेला दिसला. पेंटरने लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमर मारला, लाल रंग मारला आणि खालून सगळीकडे गंजरोधक म्हणून डांबरासारखा काळा थर फासला. लोखंडावर फासला तसा लाकडावरही फासला. लाकडात जी ओल होती ती आत बंद झाली.

दारं रंगानंतर बसवली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावताना जरा उचलावं लागायचं. मेहुण्याला वाटलं, नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. आपल्याकडे ‘बसेल हळूहळू’ हे चपलेबद्दल खरं आहे, तेवढंच.

चार उपाय, एक पट्टा

पाडव्यानंतर त्याने काय काय केलं ते ओळीने सांगतो. मी नंतर पोचलो तेव्हा या सगळ्याच्या खुणा दारावर होत्या.

आधी कुलूप बदललं. मग कुलपाची जीभ जिथे अडकते तो खाचेचा तुकडा कानशीने घासला, म्हणजे जीभ खोल जाईल. जीभ खोल गेली, पण दार घट्ट लागेना, म्हणून त्याखाली वायसर घातले. मग बिजागऱ्यांच्या पिना नव्या केल्या. मग बिजागरीच्या मागे पत्र्याच्या चकत्या घालून दार उचललं. दर वेळी दार पोर्चमध्ये छान लागायचं आणि कर्वे रोडला पोचेपर्यंत खडखडायला लागायचं. शेवटी त्याने दाराला आतून प्रवासी बॅगेचा पट्टा बांधला. सासूबाईंनी तो पाहिला आणि विचारलं, “हे काय रे? गाईला बांधतात तसं?” त्या दिवसापासून गाडी झाकलेली राहिली. मग लॉकडाऊन आला.

तपास

२०२१च्या जानेवारीत मी जरा मोकळा झालो. चिंचवडला टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. तिथली एक सवय अंगात मुरलेली आहे : मोजल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही. तरी पहिली चूक मीच केली. मला वाटलं, चासी वाकली असणार. दोन रविवार त्यात घालवले. चासीवरच्या ठरावीक भोकांमधून ओळंबे सोडले, खालच्या शहाबादी फरशीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला ढकलली आणि कर्ण मोजले. दोन कर्णांत फरक ३ मिलिमीटरचा. सत्तर वर्षांच्या गाडीला हे माप म्हणजे पास.

तिसऱ्या रविवारी दाराकडे आलो. फट मोजायला फीलर गेज फार बारीक पडतात, म्हणून ड्रिलची बिटं उलटी धरून गेज केली. ४ मिलिमीटरचं बिट शिरतं, ५चं अडकतं, म्हणजे फट साडेचारच्या आसपास. उजव्या दाराच्या पुढच्या कडेला, जिथे कुलूप आहे तिथे, वर ३ आणि खाली ७. डाव्या दाराला वर ४, खाली ५. म्हणजे उजवं दार पुढून खाली झुकलेलं होतं. हे तर डोळ्यांनाही दिसत होतं.

मग मेहुण्याला सीटवर बसवलं. वजन बहात्तर किलो. पुन्हा मोजलं. डावीकडे काही बदललं नाही. उजवीकडे वरची फट ३वरून जवळजवळ शून्यावर आली, म्हणजे रंगाला रंग टेकला. मग त्याला उतरवून चासीच्या मागच्या टोकाखाली जॅक लावला आणि चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचललं. उजवीकडची वरची फट ३वरून ८ झाली. डावीकडची १ मिलिमीटरने हलली. तेवढी तर ती हलणारच, ही चासी थोडी पिळते.

दार उघडून टोकाला धरलं आणि वरखाली हलवलं. दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीवर ठेवलं. बिजागरी स्वस्थ होती. बोट तसंच मागे सरकवून पत्र्यावर ठेवलं, तर पत्रा बोटाखाली श्वास घेत होता. बिजागरी ज्यावर बसली होती तो खांबच हलत होता. नवी पिन, नवं कुलूप, चकत्या हे सगळं त्या हलत्या खांबावर बसवलेलं होतं.

गाडीखाली झोपून काळा थर खरवडला आणि लाकडात टोचा दाबला. डावीकडे टोचा दोन मिलिमीटर गेला आणि थांबला. उजवीकडे मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं लागलेलं होतं.

उजवीकडेच का? हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला, कारण गाडीच्या आधी त्या या घरात आल्या. त्या म्हणाल्या, “तिथे वर टाकी होती ना पाण्याची. वीस वर्षं रोज ओव्हरफ्लो व्हायची. तुमचे सासरे म्हणायचे, गाडी आपोआप धुतली जाते.” गाडी कंपाउंडच्या भिंतीकडे उजवी बाजू करून उभी असायची. पाणी मागच्या मडगार्डवर पडायचं, पत्रा आणि लाकूड यांच्या फटीतून उतरायचं आणि खालच्या लाकडात साठायचं.

मेहुणा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे रंग काढायचा.” पेंटचं बिल एक लाख दहा हजार होतं, हे तो बोलला नाही. पण मला माहीत होतं.

सुतारमामा

पत्रा काढायला तीन आठवडे लागले. खिळे गंजून लाकडाशी एक झाले होते. एकेका खिळ्याभोवती पत्रा फाटू नये म्हणून बारीक पटाशीने आजूबाजूचं लाकूडच उकरायचं, म्हणजे खिळा सुटतो. आत एक जुनी दुरुस्ती सापडली. कोणीतरी कधीतरी, बहुधा सत्तरच्या दशकात, खांबाच्या पायाला लोखंडी अँगल बोल्टने आवळला होता. अँगल शाबूत, त्याच्या भोवतालच्या लाकडाची पूड. काढताना अँगल हातात आला आणि खांब त्याच्यामागून ओघळला.

आता सुतार पाहिजे होता, पण फर्निचरवाला नको होता. प्लायवुड आणि लॅमिनेटच्या कामात सांधा कोणी घालत नाही, स्क्रू मारतात. शेवटी कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीवर काम केलेले एक म्हातारे कारागीर मिळाले. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. ते आले, चहा घेतला, उघड्या सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “ही तर चौकट आहे.”

मी म्हटलं, हो, गाडीच्या दाराची.

“तसं नाही. हा उंबरा.” त्यांनी खालची आडवी तुळई दाखवली. “या दोन बाह्या,” म्हणजे बाजूचे उभे खांब. “आणि गणेशपट्टी कुठाय?”

गणेशपट्टी म्हणजे चौकटीचं वरचं आडवं लाकूड. उघड्या गाडीला ती नसतेच, कारण वर छप्पर नाही. मामा म्हणाले, “मग हलणारच की हो. चौकट तीन बाजूंची. सगळा भार या एका कोपऱ्यात.” आणि त्यांनी उंबरा आणि मागची बाही जिथे मिळतात तिथे बोट ठेवलं. मी दोन महिने मोजून जे कागदावर मांडलं होतं ते या माणसाने चहा संपायच्या आत सांगितलं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही.

लाकडावरून मतभेद झाला. अॅश इथे सहज मिळत नाही. मामा म्हणाले, बाभूळ घ्या. “गाड्याला बाभूळ, दाराला साग, असं आहे. हा गाडा आहे.” बैलगाडीच्या चाकाला आणि साट्याला बाभूळ वापरतात ते तिच्या चिवटपणामुळेच, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. पण बाभूळ सरळ आणि लांब मिळणं कठीण, नीट वाळलेली मिळणं त्याहून कठीण, आणि अर्धवट वाळलेली पिळते. सागवान धक्क्याला अॅशइतका लवचिक नाही, पण पाण्याला टिकतो आणि आकार सोडत नाही. या गाडीचा शत्रू पाणी होता, हे धरून मी सागावर ठाम राहिलो. भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात नवा साग पाहिला, तो घेतला नाही. पाडलेल्या वाड्याच्या तुळया विकणाऱ्याकडून एक जुनी तुळई घेतली. शंभरेक वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड. रंधा फिरवल्यावर आतून तेलाचा वास आला. मामांनी तेवढ्यापुरतं मान्य केलं, पण खांबाच्या पायाची पाचर त्यांनी बाभळीचीच घातली.

दुसरी चूक इथे माझीच. पहिला सांधा मी एपॉक्सीने चिकटवला, म्हटलं हा फेव्हिकॉलपेक्षा बरा. आठवड्याने मामांनी लाकडी हातोडीने बाजूला एक टोला दिला आणि सांधा सुटला. सगळा एपॉक्सी एका लाकडाला, दुसरं कोरडं ठणठणीत. सागात तेल असतं, ते चिकट धरू देत नाही. चिकटवायच्या अगदी आधी पृष्ठभाग ताज्या रंध्याने उघडा करून थिनरने पुसावा लागतो. असा नवीन केलेला सांधा त्याच हातोडीला दाद देईना. तरी मामांचा भरवसा कुसू आणि साल यांवरच, म्हणजे लाकडाचं घडवलेलं टोक आणि ते जिच्यात बसतं ती खाच. “चिकट हा साक्षीदार,” ते म्हणाले, “भार सांध्याने घ्यायचा.”

दार आधी

खरी अडचण पुढेच होती. नवी बाही कशावरून घडवायची? जुनी बाही म्हणजे पूड. डावीकडच्या बाहीची आरशातली प्रत काढावी, असं मला वाटलं. प्लायवुडचा साचा करून उलटा ठेवला, तर उजवीकडे तो चाकाच्या कमानीपाशी ५ मिलिमीटरने चुकला. या बॉड्या हाताने जोडलेल्या. डावी आणि उजवी बाजू भावंडं असतात, जुळी नसतात.

मामा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते विचार करूनच. म्हणाले, “घरात चौकट आधी बसते, मग तिच्या मापाचं दार करतो. इथे दार तयार आहे, पत्र्याचं, त्याला रंधा मारता येत नाही. म्हणजे दार आधी, चौकट नंतर.”

केलं ते असं. पुढची बाही शाबूत होती, ती आणि तिच्यावरचं कुलूप हा आधार धरला. उजवं दार तिथे लावून घेतलं. वर, खाली आणि कडेने ५ मिलिमीटरचे लाकडी ठोकळे घालून फट आधीच पक्की केली आणि दार शिकंज्यांनी जागच्या जागी आवळलं. म्हणजे दार हवेत, बरोबर जिथे असायला पाहिजे तिथे, पण मागे त्याला धरायला काही नाही. मग बिजागऱ्या दारालाच लावल्या आणि त्यांच्या मोकळ्या पानांवरून बाहीची रेषा घेतली. बाही त्या रेषेला घडवली. उंबऱ्यात तिचं कुसू बसेल अशी साल पाडली आणि त्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर जाडीची त्रिकोणी लोखंडी पट्टी आतल्या बाजूने घातली. गणेशपट्टीचं काम त्या कोपऱ्याने करायचं होतं. पट्टीला झिंक केलं आणि लाकडाशी लागते तिथे रंगाचा थर देऊन मगच आवळली. जुन्या अँगलने जे केलं ते परत नको.

पत्रा अजून लावला नव्हता. ठोकळे काढले, शिकंजे काढले. दार जागेवर राहिलं. मामांनी ते उघडून अर्धं मोकळं सोडलं. घराचं दार पाहतात तसंच पाहिलं, आपोआप सरकतंय का. सरकलं नाही.

मेहुण्याला लगेच पत्रा ठोकायचा होता. मी नाही म्हटलं आणि या एका गोष्टीवर अडून बसलो. रंगाआधी काय करायला पाहिजे होतं ते सगळं आता करायचं ठरलं. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीत होतेच. मडगार्डं, फूटबोर्ड, मागची टाकी सगळं बोल्टांनी लावलं. गाडी चाकांवर, सपाट फरशीवर. सीटच्या जागी प्रत्येकी पन्नास किलोचं गव्हाचं पोतं आणि वर वीस किलोची पिशवी. टाकीत साडेबारा गॅलन, म्हणजे जवळजवळ सत्तावन्न लिटर पेट्रोल मावतं. त्याचं वजन चाळीस-बेचाळीस किलो होतं, म्हणून टाकीवर तेवढंच एक पोतं. सासूबाई म्हणाल्या, यंदा गहू गाडीला घेतला का घराला. पोती तीन आठवडे तशीच ठेवली. फट रोज मोजायची आणि भिंतीवर पेन्सिलने लिहायची. पहिल्या चार दिवसांत वरची फट ५वरून साडेचारवर आली, तिथेच थांबली. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये ज्या रबराच्या गाद्या असतात त्यांतली मागची उजवी एक वायसरभर वाढवली, तेव्हा ती परत ५ झाली.

त्यानंतर पावसाळा मुद्दाम मधे घातला. वाड्यांची दारं श्रावणात फुगतात हे पुण्यात कोणाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर सांगाडा तेलाचे दोन हात दिलेला, पण पत्र्याविना, पोर्चमध्ये उभा. ऑगस्टमध्ये डावं दार खाली घासायला लागलं. उजवं, नव्या लाकडाचं, घासलं नाही. मी रंधा घेऊन डाव्या दाराकडे निघालो, तर मामांनी हात धरला. “दिवाळीनंतर बघू.” दिवाळीनंतर ते आपोआप सुटलं. तेव्हा घासलं असतं तर उन्हाळ्यात फट पडली असती.

कागद आणि खर्च

मधे एक गोष्ट कागदपत्रांची. २०२१च्या जुलैपासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ती दहा वर्षं चालते. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मूलभूत फेरफार केलेला नसावा. आणि ही गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. लाकूड जुन्याच मापाचं आणि जुन्याच जागी घातलं होतं, तरी मी प्रत्येक पायरीचे फोटो तारखेसह ठेवले. जुनी कुजकी बाहीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. मेहुण्याची बायको ती दर दिवाळीला टाकायला निघते.

लाकूडकामाचा खर्च पत्र्यासकट एक लाख चौदा हजार आला. त्यात तुळई एकोणीस हजारांची आणि मामांची मजुरी बेचाळीस. उरलेला पत्रा काढणं, जोडणं आणि परत ठोकणं. २०१४ साली सुरुवातीलाच हे केलं असतं तर पेंटचे एक लाख दहा हजार वाचले असते आणि पत्रा एकदाच निघाला असता. इंजिनाला मात्र थांबायला काहीच हरकत नव्हती. तेल घालून झाकून ठेवलं की इंजिन वर्षभर बसून राहतं. उंबरा तसा थांबत नाही.

२०२३च्या पाडव्याला पुन्हा पौड रोड. यावेळी मी शेजारी बसलो होतो आणि दाराच्या वरच्या कडेला ३ मिलिमीटरचं बिट धाग्याने लटकवलं होतं, म्हणजे फट मिटली तर ते अडकेल. दुसरा स्पीडब्रेकर मेहुण्याने मुद्दाम जरा जोरात घेतला. बिट हललं, पण अडकलं नाही. चांदणी चौकाकडून वळून परत आलो. फाटकाशी मामा उभे होते. त्यांनी दार उघडलं, लावलं, कान देऊन आवाज ऐकला, परत उघडलं, परत लावलं. मग डाव्या बाजूला गेले आणि तेही तसंच लावलं.

“याचा आवाज वेगळा आहे,” ते म्हणाले.

डावा उंबरा अजून मूळचा अॅशचा आहे. टोचा दोन मिलिमीटरच जातो, पण मी या पावसाळ्यानंतर परत मोजणार आहे. गाडी तोवर प्रायमरच्या करड्या रंगातच राहील. मेहुण्याने फाटकावरची पाटी पुसून घेतली आणि परत तिथेच लावली.